तुपातला खड्डा

एका गावात, गाव कुठलं ते विचारू नका, द्वारका नावाची एक बाई राहायची. कामाला वाघीण, पण स्वभाव भारी संशयी. भाजीवालीने वरून एक वांगं जास्त घातलं, तर हिला वाटायचं, नक्की किडकं असणार.

द्वारकेची एकुलती एक लेक पहिलटकरीण होती. बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून द्वारकेने म्हशीचं लोणी साठवून साठवून तूप कढवलं. गरम, पातळ तूप काचेच्या बरणीत ओतलं आणि ते जिथवर आलं, तिथे बाहेरून काजळाची बारीक रेघ ओढली. वर फडकं बांधून अशी गाठ मारली की दुसऱ्या कुणाला ती सुटूच नये.

मग लेकीला आणायला निघताना तिने बरणी शेजारच्या मंजुळेकडे ठेवली. मंजुळा गावची सुईण. अर्ध्या गावाची पोरं तिच्या हातांत जन्मलेली, द्वारकेची लेकसुद्धा त्यातलीच. "तुझ्यावाचून मी कुणावर विश्वास ठेवणार गं?" द्वारका म्हणाली. रेघेबद्दल मात्र चकार शब्द बोलली नाही.

ती परत येईस्तोवर थंडी चांगलीच पडली होती. लेकीला ओसरीवर बसवून तिने आधी बरणी आणली. गाठ जशीच्या तशी. फडकं काढलं, तर तूप घट्ट झालेलं, रेघेच्या खाली गेलेलं आणि मधोमध खड्डा. कुणी बोटांनी उकरून खावं तसा.

"पण आई, गाठ तर तुझीच आहे ना?" लेक म्हणाली.

"म्हणजे हिने माझी गाठसुद्धा शिकून घेतली," द्वारका म्हणाली.

आता अशा बाईला कोण समजावणार? ती तडक मंजुळेच्या दारात गेली.

"मंजुळे, किती तूप खाल्लंस?"

मंजुळेला आधी थट्टा वाटली. मग द्वारकेचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. "अगं, मी त्या फडक्यालाही हात लावला नाही. पोरीच्या बाळंतपणाचं तूप मी खाईन?"

"मग खड्डा काय मांजराने पाडला? माझ्या घराची पायरी चढू नकोस. सुईण मी नदीपलीकडून आणीन."

एवढ्यावर थांबेल तर ती द्वारका कसली. पाणवठ्यावर जाऊन तिने चारचौघींत मंजुळेला चोर ठरवलं. जिच्या हातून आपली पोरं सुखरूप जगात आली, तिला येताना बघून बायका घरातल्या डब्यांना झाकणं लावू लागल्या. मंजुळेने दाराला आतून कडी घातली ती घातलीच.

लेक मात्र घाबरली. तिचे दिवस भरले होते, आणि नदीपलीकडून सुईण येईपर्यंत काय होईल ते सांगता येत नव्हतं. वैद्यबुवा नाडी बघायला आले तेव्हा तिने रडत रडत त्यांना सगळं सांगितलं.

वैद्यबुवा द्वारकेला म्हणाले, "पातेल्यात पाणी घ्या, त्यात ही बरणी ठेवा आणि चुलीवर हळूहळू तापवा. सगळं तुमच्याच हातांनी करा."

द्वारकेने बरणी ठेवली. एक डोळा बरणीवर, दुसरा वैद्यबुवांच्या हातांवर. तूप वितळलं, वर चढलं आणि बरोबर रेघेला येऊन टेकलं.

"यात काहीतरी मेख आहे," ती म्हणाली. "तुम्ही नि मंजुळा मिळालेले असाल."

"असू," वैद्यबुवा शांतपणे म्हणाले. "आता बरणी मांडीवर घेऊन ओट्यावर बसा. कुणाला जवळ येऊ देऊ नका. मलासुद्धा."

द्वारका गार वाऱ्यात बरणी कवटाळून बसली. रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्याकडे ती डोळे वटारून बघत होती. दुपार कलली तसं तूप कडेने पांढरं होऊ लागलं. मग मधला भाग हळूहळू खाली बसला आणि तिच्या डोळ्यांदेखत तिथे खड्डा पडला. जवळ कुणीही आलं नव्हतं.

"वैद्यबुवा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हे खातंय कोण?"

"कुणी नाही. तूप म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक बारीक कण. ऊब मिळाली की त्यांना एका जागी बसवत नाही. एकमेकांना ढकलत, सरकत ते फिरत राहतात आणि त्यांना जागा जास्त लागते. म्हणून तूप पातळ होतं नि वर चढतं. गारठा पडला की ते शांत होतात, एकमेकांना धरून दाटीने बसतात. कडेचे आधी बसतात, म्हणून उरलेली रिकामी जागा मधे खड्डा होऊन दिसते. कण तेवढेच आहेत, फक्त बसायची रीत बदलली. पातेल्यातल्या पाण्याच्या कणांना तर इतकी ऊब मिळाली की त्यातले कितीतरी बाकीच्यांचा हात सोडून वाफ होऊन निघून गेले. पाणी कमी झालं म्हणून त्याचा आळ कुणावर घालणार?"

द्वारकेचं तोंड उतरलं. तेवढ्यात आतून लेकीची हाक आली. "आई, कळा सुरू झाल्या. मंजुळामावशीला बोलाव."

द्वारका अनवाणी धावली. मंजुळा आपल्याला दारातूनच हाकलणार, असं तिला वाटत होतं. कडी निघाली तशी ती कसंबसं म्हणाली, "माझं चुकलं गं. तूप होतं तेवढंच आहे. पोरगी अडली आहे."

"चुकलंबिकलं नंतर बघू. पाणी तापत ठेवलंस का?" मंजुळा म्हणाली आणि तिच्या पुढे चालू लागली.

दिवेलागणीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप. द्वारकेने मंजुळेचे पाय धरले, पोटभर रडली. पाणवठ्यावर जाऊन सगळ्यांसमोर चूक कबूल करीन म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिने ती कबूल केलीही.

पण त्या संध्याकाळी घरी निघताना मंजुळा उंबऱ्यात थांबली. तिने दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले, पदर झटकला.

"नीट बघून घे द्वारके," ती म्हणाली. "तुझ्या घरातलं काही नेत नाही."

पुढे बाळाला न्हाऊ घालायला ती रोज यायची, बाळाशी पोटभर गप्पा मारायची, आणि रोज जाताना उंबऱ्यात पदर झटकून जायची.

तात्पर्य एवढंच, मुलांनो: डोळ्यांना दिसतं ते खरं असतं, पण त्याचं कारण पुष्कळदा आपण मनाने रचलेलं असतं. ते तपासून बघण्याआधी कुणाला चोर म्हणू नये, कारण आपण शब्द मागे घेतला तरी ज्याला तो लागला तो विसरत नाही.