उलट फिरणारं चाक

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कारागिराची ओळख त्याच्या हत्यारांवरून व्हायची. एका गावात एक सुतार होता. त्याची पटाशी लाकडात लोण्यात फिरावी तशी फिरायची. काटकोन बघायचा गुण्या धरून त्याने जोडलेल्या सांध्यात केससुद्धा शिरत नसे. असं सगळे म्हणत, आणि खरं सांगायचं तर तोही म्हणत असे.

गावाच्या वरच्या अंगाला तळं होतं. तळ्याचं पाणी सोडायचं आणि अडवायचं काम एका विधवा बाईकडे होतं. नवऱ्यामागे तिने ते हाती घेतलं होतं, आणि त्यावरच तिची चूल पेटायची. तळ्याचं दार म्हणजे नुसती जड फळी. ती उचलायला गडीमाणसांच्या विनवण्या कराव्या लागत. म्हणून बाईने सुताराला गळ घातली, की एकटीच्या हाताने उघडेल असं काही करून द्या.

सुताराने मोठं देखणं दार केलं. चाक फिरवलं की फळी वर. फक्त आधी खालची खुंटी दाबायची, आणि चाक फिरवायचं ते जात्याच्या उलट बाजूला. जात्यासारखं फिरवलं तर फळी आणखी घट्ट बसे. असं का केलं? तर त्यामुळे आतला एक सांधा वाचत होता, आणि सुताराच्या डोळ्याला ते सुबक दिसत होतं.

त्या काळी कारागिरांची एक रीत होती. नवी वस्तू वापरणाऱ्याच्या हाती द्यायची आणि घडवणाऱ्याने तोंडात सुपारी धरून गप्प उभं राहायचं. वापरणारा जिथे अडेल, तिथे वस्तू पुन्हा घडवायची. हत्यारं काय, सगळ्यांकडे असतात. गप्प राहून बघण्याचं कसब फार थोड्यांकडे असतं.

सुताराने सुपारी तोंडात धरली खरी. बाई चाकाशी आली, आणि तिचा हात गेला जात्याच्या वळणाने. सुताराला राहवेना. सुपारी थुंकून तो म्हणाला, असं नाही हो, आधी खुंटी आणि मग उलट. बाईने तसं केलं. दार उघडलं. लोकांनी वाहवा केली आणि रीत राहिली बाजूला.

पुढे सुगीच्या तोंडावर अवकाळी पाऊस कोसळला. तळं तुडुंब भरलं. दार उघडून पाणी ओढ्याला सोडलं असतं तर काम भागलं असतं. सुतार नेमका परगावी पाहुणा गेला होता. बाई धावत चाकाशी गेली. घाबरलेला हात सवयीच्याच वाटेने जातो. तिने चाक जात्यासारखं फिरवलं, फळी घट्ट बसली. तिने आणखी जोर लावला, फळी आणखी घट्ट बसली. शेवटी बांध फुटला आणि खालच्या शेतांतली उभी पिकं वाहून गेली.

चाक उलटं फिरतं हो, असं बाई एकदाच म्हणाली. त्यावर सगळं गाव तिला ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ म्हणून ऐकवू लागलं. आता या खेपेला अंगणच वाकडं होतं. पण ते ज्याला ठाऊक होतं, तो घरी परतून पटाशीला धार लावत बसला होता.

एके सकाळी बाई त्याच्या दारात आली. तिचे तळहात सोलवटलेले होते. सुताराला वाटलं, आता ही भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "दादा, तुम्ही नीट शिकवलं होतंत. माझंच डोकं चाललं नाही. माझ्यामुळे तुमच्या कामाला बट्टा लागला, माफ करा."

सुताराला तोंडात मारल्यासारखं झालं. ‘चूक माझी’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण ओट्यावर गिऱ्हाईक बसलं होतं. तो "असू दे, असू दे" म्हणाला. म्हणजे बघा, जिने माफी मागायलाच नको होती, तिला याने मोठ्या मनाने माफ करून टाकलं! ती गेल्यावर त्याला स्वतःची किळस आली. अन्न गोड लागेना. हत्यार हातात घेतलं की ते सोलवटलेले तळहात दिसत.

मग पारावर पंच बसले. बाईकडून काम काढून घ्यायचं ठरत आलं होतं, आणि ती मान खाली घालून उभी होती. सुतार उठला. त्याने सांगितलं, की हिचा हात कुठे जातो ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, पण दार सुधारायचं सोडून मी हिलाच सुधारत बसलो.

"दार मी चुकीचं केलं," तो म्हणाला, "आणि ते कळत असूनही हिला माझी माफी मागू दिली."

पंचांनी बाईचं काम बाईकडेच ठेवलं. बांध आणि दार सुताराने आपल्या खर्चाने, आपल्या हाताने पुन्हा उभं करावं, असं ठरलं. सभा उठल्यावर तो बाईपुढे हात जोडून उभा राहिला.

बाई म्हणाली, "चूक होते दादा. पण इतके दिवस मला वाटत होतं, माझ्यातच काही खोट आहे. माझी लेकसुद्धा मला येडी म्हणायला लागली होती."

सुतार दुसऱ्याच दिवशी कामाला लागला. त्याने नवं दार केलं, ते कुणाच्याही हाताने सहज उघडे. पण त्यानंतर कुणी त्याच्या कसबाची तारीफ केली, की त्याची मान खाली जाई.

लहानथोरांनो, एवढं मनाशी बांधून ठेवा: वापरणाऱ्याचा हात अडला, तर खोट आधी घडवणाऱ्याने आपल्या कामात शोधावी.