माळखुरीच्या वेशीला दार का नाही

माळखुरीच्या वेशीत शिरलात की दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एवढी चिरेबंदी कमान, पण तिला दार नाही. दाराच्या बिजागऱ्या काढल्या तिथली भोकं तेवढी शिल्लक आहेत. आणि कमानीच्या आत डाव्या हाताला एक खोडा पडलेला आहे, म्हणजे गुन्हेगाराचा पाय अडकवायचे दोन ओंडके. लाकूड चार-पाचदा बदललं असेल, भोक मात्र मूळ मापाचंच ठेवतात. पाव्हणे विचारतात, कोण चोर बसायचे हो ह्यात? चोर कसले बसतायत! ह्यात घोड्याचा मालक बसतो. ज्याचं घोडं हरवलं, तोच.

असं सांगतात, की फार मागं इथं हैबतराव नावाचे जहागीरदार होते. मिशा मोठ्या, फेटा त्याहून मोठा, आणि फेट्याच्या आत काय होतं ते आता ऐकालच. त्यांच्या पागेत एक राखाडी घोडी होती. तिला सांभाळायला कान्हू मोतद्दार. ती शिंगरू होती तेव्हापासून तिचा खरारा त्यानं केला, तिची चंदी त्यानं भिजवली, पोटात कळ आली तर रात्रंदिवस तिला त्यानं फिरवलं. तिच्या काळ्या नाकपुडीवर कवडीएवढा पांढरा ठिपका होता, म्हणून तो तिला कवडी म्हणायचा. हैबतरावांना हे नाव हलकं वाटलं. त्यांनी तिचं नाव ठेवलं रणचंडिका. रण त्या घोडीनं पाहिलं नव्हतं आणि हैबतरावांनीही नव्हतं.

वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला, सरकार तिच्यावर बसायचे. त्या दिवशी त्यांच्या हुकमानं तिचे चारी पाय गुडघ्यापर्यंत गेरूनं रंगवायचे, तोंडावर मोत्यांच्या झालरी, अंगावर जरीची झूल. घोडी दिसायचीच नाही, नुसता डामडौल चालल्यासारखा वाटायचा. सरकारांना तोच हवा होता.

त्या दसऱ्याला त्यांना आणखी एक लहर आली. सोनं लुटताना बंदुकांचे बार काढा म्हणाले. कान्हूनं हात जोडून सांगितलं, "सरकार, तिला बाराची सवय नाही. बिचकंल." सरकार म्हणाले, "जहागीरदाराची घोडी बिचकत नसते." पहिला बार निघाला, आणि जहागीरदाराची घोडी अशी उधळली की सरकार थेट निवडुंगात! घोडी माळ ओलांडून दिसेनाशी झाली. अख्ख्या गावानं पाहिलं, आणि अख्ख्या गावानं मान खाली घालून पाहिलंच नाही असं दाखवलं.

आता सरळ माणूस काय म्हणाला असता? पडलो बाबा, घोडी गेली, चला शोधू. पण काटे उपसून घेता घेता हैबतराव म्हणाले, की मोतद्दारानं खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, सैल सोडला होता, घोडी पळवायचा त्याचा आधीच बेत होता. झालं. कान्हूचा पाय खोड्यात गेला. पौर्णिमेच्या सकाळपर्यंत घोडी आली नाही तर त्याचा उजवा हात तोडायचा, असा हुकूम सुटला. दसरा ते पौर्णिमा, दिवस पाच.

ज्या हातानं खरारा करायचा तो हात मांडीवर ठेवून कान्हू वेशीत बसून राहिला. त्याला भीती वाटली नाही असं कुणी सांगत नाही. वाटलीच. रातोरात त्याचे ओठ फुटले म्हणे. पण भीतीपेक्षा त्याला राग येत होता, कारण घोडी कशी शोधायची ते त्याला ठाऊक होतं आणि त्याच्यासमोर एकेक उफराटं काम चाललेलं होतं.

त्यानं शिपायांना सांगितलं, "दार उघडं ठेवा. तिच्याच दावणीत तिचं जुनं गवत पसरा, भिजवलेला हरभरा ठेवा. एकट्यानं जा, पायी जा, हातात तिचंच दावं घ्या. मागून धावू नका. ती मागून आलेल्याला भिते. गुराख्यांना विचारा, ओढ्याकाठी खूर बघा. आणि सरकारांना म्हणावं, जमलं तर स्वतः जा." शेवटचं ऐकून शिपाई हसले. सरकार आणि पायी!

सरकारांनी काय केलं? आधी जोशी बोलावला. जोशानं पोटापाण्याचं बघून ईशान्य दिशा सांगितली. मग वीस स्वार सोडले, त्यांच्याबरोबर ढोल, ताशे. माळावर "रणचंडिकेऽऽ, रणचंडिकेऽऽ" असा पुकारा सुरू झाला. त्या मुक्या जिवानं ते नाव वर्षातून एकदा ऐकलेलं, तेही ताशाच्या गदारोळात. जवळपास असेल तर आणखी दोन कोस पळावं, असा सगळा बंदोबस्त. आणि वर कळस म्हणजे, स्वार बाहेर पडले तसं, चोर निसटू नये म्हणून वेशीचं दार लावून घेतलं. घोडी हरवली बाहेर, आणि कडी लावली आतून!

तिसऱ्या दिवशी दुपारी कान्हूला दारापलीकडून फुरफुर ऐकू आली. त्याला ओळखायला वेळ लागला नाही. तो ओरडला, "अरे, आली! कवडी आली! दार उघडा!" पहारेकरी म्हणाला, "हुकूम नाही." चौथ्या दिवशी ती पुन्हा आली, खुरानं दार खरवडून गेली. पुन्हा हुकूम नाही. कान्हूची बायको गिरजा भाकरी घेऊन यायची, ती सरकारांच्या पायरीवर जाऊन डोकं आपटून आली. आतून निरोप आला, की सरकार मुहूर्त बघतायत. पायरीवरच थुंकावं असं गिरजाच्या मनात आलं. पण नवऱ्याचा हात गहाण पडलेला, म्हणून गिळलं.

पौर्णिमा उजाडली. शेजारच्या गावाहून कुऱ्हाडवाला येणार होता. त्याच्यासाठी पाच दिवसांनी दार उघडलं, तेव्हा रिकाम्या हातानं परतलेले स्वार आत शिरले, आणि सगळ्यांच्या मागून घोडी आत आली. अंगावर चिखल, शेपटीत गोखरू, झूल कुठं गळून पडलेली, झालरींचा पत्ता नाही. ओढ्यातून पाच दिवस हिंडलेली, पायांवरचा गेरू पार धुऊन गेलेला. ती सरळ खोड्यापाशी आली आणि कान्हूचा खांदा हुंगायला लागली.

हात तोडलेला बघायला हैबतराव वेशीतच गादी टाकून बसलेले होते. ते म्हणाले, "हे कुणाचं तट्टू आत आलं? हाकला."

कान्हू म्हणाला, "सरकार, ही तुमचीच."

"माझी?" सरकार लाल झाले. "माझ्या रणचंडिकेचे चारी पाय तांबडे आहेत. आम्हाला आमची घोडी दाखवतोस? अरे, भैरोबाची आण घेऊन सांगतो, ही माझी घोडी निघाली तर त्या खोड्यात मी पाय घालीन! मारा दगड त्या तट्टाला."

एक-दोन दगड बसलेसुद्धा. घोडीच्या कपाळाला खोक पडली. ती हलली नाही. तेव्हा कान्हूनं बायकोकडं पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "गिरजे, घरात गेरू हाय का गं?"

गिरजाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती पळत गेली आणि चूल सारवायचा गेरूचा कुंडा घेऊन आली. कुऱ्हाडवाला, शिपाई, बायाबापड्या, सगळ्यांच्या देखत तिनं बोळा बुडवला आणि घोडीचा एक पाय रंगवला. मग दुसरा. मग तिसरा. घोडी गरीब गाईसारखी उभी. चौथा पाय गुडघ्यापर्यंत रंगला, आणि हैबतराव गादीवरून ताडकन उठले.

"अरेच्चा!" ते म्हणाले. "हीच की माझी रणचंडिका!"

आधी म्हणे कुऱ्हाडवाला हसला. तो बाहेरगावचा, त्याला कुणाची भीती? मग पहारेकरी हसला. मग अख्खी वेस. कुजबुज असती तर सरकारांनी दोन कोरड्यांत दाबली असती. शिपाईच पोट धरून हसताना ते कुणाला सांगणार? आणि भैरोबाची आण सगळ्यांनी ऐकलेली. कान्हूचा पाय निघाला आणि त्याच भोकात जहागीरदाराचा गेला.

कान्हू त्यांना टाकून बोलला नाही. तेवढीही त्याला किंमत द्यायची नव्हती. तो म्हणाला, "सरकार, तुमच्या घोडीची एक खूण सांगा. गेरू सोडून. एक सांगा आणि उठा. घोडी तुमची, हात माझा, तो पण तोडा."

घोडी चार हातांवर उभी होती. तोंड त्यांच्याकडंच होतं. नाकपुडीवरचा ठिपका पोरासोरांना दिसत होता. नुसती मान वळवून बघायचं होतं हो! पण मोतद्दारानं बघ म्हटल्यावर बघायचं म्हणजे सरकारांचं नाक कापल्यासारखं. ते कमानीकडं तोंड करून बसले. दुपार झाली, उन्हं उतरली, घोडीनं त्यांच्यासमोर हरभरा खाल्ला, पाणी प्याली. जहागीरदार कमानीचे चिरे मोजत राहिले.

दिवस मावळला तसा कान्हूनं आपल्या हातानं खोड्याची खुंटी काढली. "उठा," तो म्हणाला. "घोडी तुमची नाही." त्यानं कवडीच्या कपाळाला हळद लावली, गिरजाला वर बसवलं, दावं हातात घेतलं आणि उघड्या वेशीतून माळाला लागला. पुन्हा तो कुणाला दिसला नाही.

हैबतरावांनी रागानं स्वार काढले पाठलागाला. स्वार खोगिरावर बसून थांबले. एकानं विचारलं, "सरकार, घोडी दिसायला कशी? ओळखायची कशानं?" सरकारांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग सगळे स्वार खाली उतरले. त्याच आठवड्यात गावानं वेशीचं दार काढलं आणि चुलीत घातलं.

आजही माळखुरीत कुणाचं घोडं हरवलं, तर आधी मालकानं ह्या खोड्यात पाय घालायचा आणि चार माणसांसमोर आपल्या जनावराच्या खुणा सांगायच्या. भोवरा कुठं, कान कसा, कशाला बिचकतं, कुठल्या हाकेला ओ देतं. सांगितल्या की सगळं गाव पायी शोधायला निघतं, ढोल नाही, ताशा नाही. नाही सांगितल्या, तर गाव उठत नाही. परवाच्या बाजारात एक बडे शौकीन आले होते, गळ्यात साखळी, घोड्याच्या नावाची पाटी गाडीवर. घोडं सुटलं. पाय खोड्यात घातला आणि खिशातून फोन काढून फोटो चाळायला लागले. म्हाताऱ्यांनी फोन काढून घेतला. गृहस्थ बराच वेळ कमानीकडं बघत बसले होते.