मित्राघरचा पाट

फार फार जुनी गोष्ट आहे बरं का. एका राज्यात एक न्यायाधीश होता. तिथली रीतच अशी, की न्यायाच्या आसनावर बसलेल्यानं कुणाच्या घरी जेवायचं नाही. कुणाचं मीठ खाल्लेलं नसलं, की निकाल देताना जीभ अडखळत नाही.

न्यायाधीशानं ही रीत जिवापाड पाळली. गावात लग्नाच्या पंगती बसत आणि हा आपला घरी एकटाच भात शिजवून खाई. लोक त्याला वाकून नमस्कार करत आणि बाजूनं निघून जात.

त्याचा एक बालमित्र होता, कुंभार. एकदा त्याचाच खटला समोर आला. त्यानं आपली भट्टी शेजारणीच्या जागेत सरकवली होती. न्यायाधीशानं ती पाडायला लावली. निकाल चोख होता, पण त्यानंतर मित्र काही फिरकला नाही. "रागावलाय," असं म्हणून न्यायाधीशही त्याच्याकडे गेला नाही.

म्हातारपणी त्यानं आसन सोडलं. आता कुठंही जेवायची मोकळीक! रोज संध्याकाळी तो धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसे. आज कुणीतरी बोलावील, असं त्याला वाटे. पण छे! एवढा मोठा माणूस आपल्याकडे कसला येतोय, म्हणून कुणी विचारलंच नाही. मित्राच्या घराकडे त्याचे पाय वळत आणि अर्ध्या वाटेवरून माघारी फिरत. जीव नुसता तुटायचा बिचाऱ्याचा.

एक दिवस कळलं, मित्र गेला. तेव्हा मात्र म्हातारा धावत सुटला.

मित्राच्या बायकोनं त्याला आत नेलं. भिंतीशी दोन पाट उभे होते.

"भाऊजी, हा तुमचा. तुम्ही आसन सोडलंत तेव्हापासून हे रोज जेवताना मांडायचे. मी म्हणायची, अहो, जाऊन घेऊन या की त्यांना! तर म्हणायचे, 'चूक माझी होती. आता कोणत्या तोंडानं बोलावू? यायचं तर तोच येईल.'"

"आणि मी आज आलो गं," न्यायाधीश म्हणाला. त्यानं तो पाट मांडला, त्यावर बसला आणि ढसाढसा रडला. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नव्हती.

पुढं त्यानं राजाला सांगून एक नवी रीत घातली. आसन सोडणारा न्यायाधीश पहिला घास, ज्याच्याविरुद्ध निकाल दिला अशा कुणाच्या तरी दारी जाऊन मागून खाई. त्या राज्यात मग कुणी न्यायाधीश एकटा म्हातारा झाला नाही.

तात्पर्य: कर्तव्यासाठी माणसांपासून दूर जावं लागलं, तरी ते संपल्यावर परतीचं पाऊल आपणच उचलावं, आणि वेळेत उचलावं.