वाकड्या रिव्हेटचं कुंकू

हत्यारं अजून माणसाशी बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. रेवण तांबटाने घरच्या शेडमध्ये विमान बांधलं. पंखाचे पत्रे जोडायला ठोकलेला शेवटचा रिव्हेट आतून वाकडा बसला. बोट फिरवताच रेवणला ते कळलं, पण "राहू दे" म्हणत तो जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती आणि तिसऱ्या दिवशी विमानाचं पहिलं उड्डाण. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, त्यांना कामाला लावत नाहीत. रेवणने विमानाला कुंकू लावलं, अगदी त्या वाकड्या रिव्हेटलासुद्धा. मग त्याने ड्रिलला झेंडू वाहिला, तसं ड्रिल भडकलं.

"नको मला तुझं फूल! आधी तो वाकडा काढ."

"हजारांत मी एकटा," रिव्हेट गुरगुरला. "बाहेरून कुणाला दिसतंय?"

"आज हत्यार चालवायचं नसतं," रेवण म्हणाला.

"मग उद्या उडायचंही नसतं!" ड्रिल कडाडलं. "हा सुटला की भार शेजारच्यावर येणार, मग त्याच्या शेजारच्यावर. वर पत्रा फाटला, तर कुंकू धरून ठेवणार आहे का? माझ्या पाया पडतोस आणि माझंच ऐकत नाहीस!"

रेवणने गुमान ड्रिल उचललं. वाकडा रिव्हेट कुंकवासकट खाली पडला. नवा सरळ बसला, तेव्हा कुठे ड्रिल म्हणालं, "आता वाहा."