कासारणीचं दार

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक कासारीण राहायची. बांगडी भरण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. अंगठ्याखाली हलकेच दाबून ती अशी बांगडी चढवायची, की लेकीबाळींना चढल्याचं कळायचंही नाही.

एकदा भर बाजारात तोंडं बांधलेली माणसं आली. त्यांनी आग लावली, दिसेल त्याला मारलं आणि "पुन्हा येऊ!" असं ओरडत निघून गेली. कासारणीच्या शेजारची भाजीवाली त्यात गेली.

तेव्हापासून कासारणीने दुकानाच्या दाराला कडी घातली ती काढलीच नाही. खिडकीला फक्त हात जाईल एवढी फट ठेवली. बायकांनी बाहेरून हात घालायचा, हिने आतून बांगड्या भरायच्या. डोळे मात्र रस्त्यावर! मग काय होणार? बांगड्या तडातडा फुटू लागल्या, मनगटं रक्ताळू लागली.

कोतवाल म्हणाला, "दार लावलंस ते बरं केलंस." नवरा म्हणाला, "अगं, अशी किती दिवस बसणार?" तिला दोघांचंही पटायचं, आणि कडी तशीच राहायची.

एक दिवस एक नवरी आईबरोबर आली. दुसऱ्या दिवशी लग्न, हिरवा चुडा भरायचा होता. पहिली बांगडी फुटली. पुढचीही फुटली. आईच्या मनात पाल चुकचुकली. लग्नाचा चुडा, आणि असा?

"पोरी, हात सैल सोड ना!" कासारीण वैतागली.

"मावशी, माझा हात सैलच आहे," नवरी म्हणाली. "थरथरतोय तो तुमचा."

कासारणीने आपल्या हाताकडे पाहिलं. खरंच की! ती माणसं कुठे गेली कुणास ठाऊक, पण माझ्या हातात मात्र मुक्कामाला राहिली, असं तिला वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

दार उघडावं? ती माणसं पुन्हा आलीच तर? नाही उघडलं, तर ही पोर बोहल्यावर चढणार कशी? तिचं डोकं भणभणलं. काही ठरायच्या आधीच ती उठली आणि तिने कडी काढली.

नवरीला समोर पाटावर घेऊन ती रस्त्याकडे पाठ करून बसली. तेवढ्यात बाहेर काहीतरी धाडकन आपटलं.  वळून बघावं का? पण बांगडी अर्ध्यावर आली होती. तिने मान वळवली नाही.

चुडा भरून झाला. रीतीप्रमाणे नवरी वाकून पाया पडली. "सुखाने नांद," कासारीण म्हणाली. आपण शहाणपणा केला की वेडेपणा, हे तिला अजूनही कळेना. दार लोटून घ्यावं म्हणून ती उठली, तर उंबऱ्याशी आणखी दोघी चपला काढत होत्या.

"या, बसा," ती म्हणाली.

तात्पर्य एवढंच: घाबरवणारे एकदा येऊन जातात, पण आपलं रोजचं जगणं त्यांच्या हवाली करायचं की नाही, हे आपल्याच हातात असतं.