आठातले तुझे किती?

तुम्हीच सांगा, भरवसा कोणावर ठेवायचा? ‘मला काही नको, सगळं तुमचंच’ म्हणणाऱ्यावर, की दारातच ‘निम्मं माझं’ म्हणून बसणाऱ्यावर?

आमच्याकडे एक पाहुणे यायचे. “मला काही नको, नुसता चहा,” म्हणायचे. उठेपर्यंत पिठल्याचं पातेलं घासायला गेलेलं असायचं. तेव्हापासून मी ‘काही नको’वाल्याला जरा भितोच.

पराशर सबनीस तसलाच. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. टीव्हीला जोडून खेळ खेळायची पेटी, म्हणजे कन्सोल, त्यानं आमच्या सांगलीत बनवली. मी ती दुकानात विकतो. आत मेमरी आठ जीबी. मेमरी म्हणजे चालू खेळाला हातपाय पसरायला लागणारी जागा. आणि पेटीचा सगळा कारभार बघणारी जी ऑपरेटिंग सिस्टीम, तिलाही त्याच आठात बसावं लागतं.

“माझी सिस्टीम एकात बसते,” पराशर गावभर सांगायचा. “सात तुमचे. सगळे तुमचे!”

त्या साताच्या भरवशावर चारुता काळगे या मुलीनं नोकरी सोडून एक खेळ बनवला. नावाड्याचा. लोकांनी घेतला, आवडीनं खेळले.

मग पराशरला सुचलं, खेळता खेळता मित्राशी बोलता आलं पाहिजे. खेळाचं चित्रणही आपोआप झालं पाहिजे. त्यानं सिस्टीम वाढवली. ती एकावरून तीनावर गेली, खेळाला पाचच उरले आणि चारुताची नाव नदीत शिरली की खेळ बंद पडायला लागला.

गिऱ्हाइकं पेट्या घेऊन माझ्या दारात. तो म्हणे, तिनं नदी लहान करावी. ती म्हणे, त्यानं हात आवरावा. आठवडाभर ऐकून माझं डोकं उठलं. शेवटी दोघांना गाडीत घातलं आणि धुंडिराजबुवांच्या मठात नेलं. पराशर बुवांना गुरू मानतो. ऐकत नाही, पण मानतो.

बुवा नुकतीच जमीन सारवून हात धूत होते.

“पुन्हा आलास?” ते वैतागूनच म्हणाले.

“बुवा, एकच सांगा. कारभार बघणाऱ्याला जागा लागते की नाही?”

“लागते.”

“ऐकलंस?” पराशर चारुताकडे वळला.

“बस,” बुवा म्हणाले.

ओल्या जमिनीवर एकच घोंगडी अंथरलेली.

“कुठं बसू?”

“सगळी तुझी. पसर.”

पराशर ऐसपैस बसला. लॅपटॉप उघडला, बॅग टेकवली, वायरी सोडल्या. अंगात पांढरीशुभ्र पँट. चारुता उंबऱ्यावरच उभी राहिली. मी खांबाला टेकलो.

“आता हे बघा, बुवा. ही आमची सिस्टीम…”

बुवांनी पाण्याचा तांब्या आणून घोंगडीवर ठेवला. पराशर जरा सरकला.

“हिच्यात आम्ही नवीन…”

बुवांनी खल आणि बत्ता आणून ठेवला. पराशरनं बॅग मांडीवर घेतली.

“…नवीन सोय केली की…”

बुवा स्वतःच आडवे झाले. आणि सावकाश पाय लांब केले.

पराशर लॅपटॉपसकट शेणात.

“अहो बुवा! पँट!”

“काय झालं?”

“सगळी तुझी म्हणालात ना?”

“म्हणालो.”

“मग?”

“आता मला लागते. तू जरा लहान हो.”

“लहान कसा होऊ? आधी सांगायचं होतं! मी काठावर बसलो असतो, सामान गाडीतच ठेवलं असतं, मी…”

त्यानं चारुताकडे बघितलं.

चारुता मुद्दाम बाहेर बघत होती. हसू दाबत होती की रडू, मला कळलं नाही.

“पण बुवा,” पराशरचा पीळ अजून गेला नव्हता, “मी पहिल्याच दिवशी तीन माझे म्हटलं असतं, तर हिनंच गावभर केलं असतं. सिस्टीम खादाड आहे म्हणाली असती.”

“म्हणाले असते,” चारुता म्हणाली. “शिव्याही दिल्या असत्या. आणि नदी पाचात बसवली असती.”

पराशर बुवांकडे वळला. “तुमचं बरंय, बुवा. तुम्ही सगळं सोडलेलं. तुम्हाला अशी किती जागा लागते?”

बुवा कण्हत उठले. काठी घेतली, घोंगडीवर दाबून रेघ ओढली. पलीकडच्या बाजूला बोट केलं. ती बाजू निम्म्याहून मोठी होती.

“एवढी.”

“एवढी? संन्याशाला?”

“पाय लांब आहेत माझे.”

“लोक काय म्हणतील?”

“नावं ठेवतील. मग रेघ बघून बसतील.”

पराशर त्या रेघेकडे बघता बघता पँटचं शेण पुसायचंही विसरला. मग त्यानं फोन काढला.

“हां, मी बोलतोय. सिस्टीममधलं नवं सगळं मागं घ्या… हो, बोलणंही. चित्रणही… मला माहितेय लोकांना आवडलंय. घ्या मागं. पहिली होती तशी एकात बसवा… नाही, तिची नदी आहे तेवढीच राहू दे.”

चारुता उंबऱ्यावरून आत आली. रेघेच्या अलीकडे, मोजून मापून, बसली.

पराशरनं फोन खिशात टाकला. आवाज उतरला होता, पण डोक्यातलं चक्र थांबलं नव्हतं.

“बुवा, पुढची पेटी काढीन तेव्हा खोक्यावर काय छापू? मेमरी तर आठच असणार. आठ लिहू, की खेळाला उरतील तेवढे?”

मीही कान टवकारले. माझ्या दुकानाच्या पाटीवर ठसठशीत आठच आहे.

बुवांनी तांब्या उचलला, खल उचलला. दोन्ही रेघेच्या आपल्या बाजूला नेऊन ठेवले.

“आधी आपले पाय मोज,” ते म्हणाले. “मग छाप… आणि हिशेब खरा ठेव, बाबा. शेठ, तुम्हीपण.”