भुरी हरली त्या सकाळी

गाड्यांना वाचा होती त्या काळातली ही घटना. वेळ सकाळी सातची, ठिकाण तालुक्याच्या पोलीस ठाण्यामागचं मैदान.

भुरी नावाची जुनी डिझेल पिकअप तिथे आरोपी म्हणून उभी होती; निवाड्याला पंच म्हणून म्हातारा रोडरोलर होता. आदल्या दिवशी नदीतली चोरीची वाळू भरून एक पिकअप पळाली होती. ती भुरीच, असं पोलीस गाडीचं म्हणणं. "सरळ डांबरी रस्त्यावर जीव तोडून पाठलाग केला, पण बया वाऱ्यासारखी सुटली!" आरोप टिकला तर भुरी भंगारात जाणार होती.

"मी? वाऱ्यासारखी?" भुरी उसळली. "रोलरआजोबा, तुम्ही पंच. इथेच आम्हा दोघींना पळवून बघा. मी तर आज रिकामी आहे."

"अगं, हरशील," रोडरोलर म्हणाला.

"हरू द्या!"

पोलीस गाडीला हसू आवरेना. चारचौघांत हरणं तिच्या स्वभावातच नव्हतं. "ये म्हातारे, धूर तरी दाखव तुझा!"

आजोबांनी इशारा केला. भुरी खोकत, धूर ओकत दुसऱ्या गिअरमध्ये येईपर्यंत पोलीस गाडी मैदानाचं टोक गाठून परत वळलीसुद्धा.

"जिंकले!" ती ओरडली.

"जिंकलात ना बाई? मग तेच पंचनाम्यात लिहा," भुरी म्हणाली. "आणि वाळूने गच्च भरलेली पिकअप, ती कुणीही असो, काल तुमच्या पुढून सुटली कशी, तेही लिहा."

आजोबांनी भुरीला तिथल्या तिथे सोडलं.

नदीतली वाळू अजून रोज जाते आहे, आणि पाठलागावर गाडी तीच आहे.